'ॲग्री' दाबण्याआधीचा इतिहास : डेटा संरक्षण कायद्याची पार्श्वभूमी

भारतातल्या डेटा संरक्षण कायद्याची गोष्ट बहुतेक जण आधार कार्डापासून सुरू करतात. ते चूक नाही. पण समाजमाध्यमांपुरतं बोलायचं, तर धागा व्हॉट्सॲपपासून धरलेला बरा.

फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सॲप विकत घेतलं, तेव्हा वापरणाऱ्यांसाठी काहीही बदलणार नाही असं सांगण्यात आलं होतं. ऑगस्ट २०१६ मध्ये बदललं. फोन नंबरसह काही माहिती फेसबुकला दिली जाईल, असं नवं धोरण आलं आणि ते मान्य करायला महिनाभराची मुदत मिळाली. दोन विद्यार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २३ सप्टेंबरला निकाल लागला : २५ सप्टेंबरपूर्वी जे खातं काढून टाकतील त्यांची माहिती सर्व्हरवरून पुसा, आणि जे राहतील त्यांची त्या तारखेपर्यंतची माहिती फेसबुकला देऊ नका. त्यापुढचं काय? ॲप घ्या असं तुम्हाला कोणी बळजबरीने सांगितलेलं नाही, अशी न्यायालयाची साधारण भूमिका. शिवाय खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे की नाही, हा प्रश्नच त्या वेळी सर्वोच्च न्यायालयात लोंबकळत होता.

तो लोंबकळण्याचं कारण जुनं होतं. १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायाधीशांनी आणि १९६२ च्या खडक सिंग खटल्यात सहा जणांच्या पीठाने बहुमताने, राज्यघटनेत असा हक्क दिसत नाही असं म्हणून ठेवलं होतं. पुढे लहान पीठांनी हा हक्क अनेकदा मानला, पण आठांचं म्हणणं खोडायला नऊ लागतात. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारविरुद्ध याचिका केली, आणि २०१५ मध्ये केंद्राच्या महान्यायवादींनी नेमकी हीच दोन जुनी निकालपत्रं पुढे केली. सरकारने आपल्या बचावासाठी काढलेला हा मुद्दा शेवटी सरकारवरच उलटला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचं. त्यात त्यांनी आणीबाणीतला १९७६ चा जबलपूर निकालही, म्हणजे अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही असं सांगणारा निकाल, चुकीचा ठरवला. तो निकाल देणाऱ्या बहुमतात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते.

मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध चालतो. खासगी कंपनीला जाब विचारायचा तर कायदा हवा. तोवर हाताशी काय होतं? माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ४३अ हे कलम आणि २०११ चे नियम. पासवर्ड, बँकेचे तपशील, आजारपण, बोटांचे ठसे अशा 'संवेदनशील' माहितीपुरते. तुम्ही कोणाशी बोलता, कुठल्या पोस्टवर किती वेळ थांबता, हे त्यात बसतच नव्हतं. आणि समाजमाध्यमांचा सगळा धंदा तर त्यावरच चालतो.

नऊ न्यायाधीशांसमोर सुनावणी चालू असतानाच, ३१ जुलै २०१७ रोजी, केंद्राने न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती नेमली. मुंबई दंगलीच्या चौकशी आयोगामुळे हे नाव महाराष्ट्राला चांगलंच ठाऊक आहे. समितीचं काम चालू असताना केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण फुटलं : फेसबुकवरच्या एका चाचणीवजा ॲपमधून लोकांची माहिती या राजकीय सल्लागार कंपनीच्या हाती गेली होती. फेसबुकने दिलेले भारतातले आकडे पाहण्यासारखे आहेत. ते चाचणीवजा ॲप इथे फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं. मित्रयादीच्या वाटेने आणखी ५,६२,१२० जणांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती. म्हणजे पाच लाख लोकांनी कुठलंच 'ॲग्री' दाबलेलं नव्हतं.

जुलै २०१८ मध्ये समितीने अहवालासोबत मसुदाही दिला. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेत आलेल्या विधेयकात मात्र सरकारी यंत्रणांना सवलत देण्याचा केंद्राचा अधिकार बराच रुंदावलेला होता, आणि त्यावर सर्वात जाहीर टीका करणाऱ्यांत स्वतः श्रीकृष्ण होते. त्याच विधेयकात मोठ्या समाजमाध्यमांसाठी वेगळी तरतूद होती : ज्यांना हवी त्यांना खात्याची पडताळणी करून घेता यावी आणि तशी खूण दिसावी. संयुक्त संसदीय समितीने ते आणखी ताणलं. डिसेंबर २०२१ च्या अहवालात तिने ८१ दुरुस्त्या सुचवल्या आणि प्लॅटफॉर्मना प्रकाशकासारखं जबाबदार धरण्याची शिफारस केली. डेटा संरक्षणाच्या विधेयकात मजकुराची जबाबदारी कशाला कोंबायची, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. ऑगस्ट २०२२ मध्ये विधेयकच मागे घेण्यात आलं.

दरम्यान, जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने पुन्हा धोरण बदललं होतं, आणि या वेळी जुन्या ग्राहकांना नकाराची सोय नव्हती. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा डेटा संरक्षण कायदा लागू असल्याने तिथल्या लोकांसाठी वेगळा मजकूर होता. केंद्राने कंपनीला पत्र लिहून हा भेदभाव का, असं विचारलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं : तिकडे कायदा होता. इकडे कायद्याची पोकळी भरून काढली ती भलत्याच संस्थेने, भारतीय स्पर्धा आयोगाने. मक्तेदारीच्या जोरावर संमती उकळली, असा मुद्दा धरून आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, २१३ कोटी रुपयांचा दंड केला. वर्षभराने अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. जाहिरातींसाठी माहिती देण्यावरची पाच वर्षांची बंदी मात्र उठवली.

आजचा कायदा, म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, ऑगस्ट २०२३ मध्ये अवघ्या आठवड्याभरात दोन्ही सभागृहांतून पार पडला. प्लॅटफॉर्मच्या अंगाने पाहिलं तर त्यात दम आहे. संमती नेमक्या कामापुरती हवी, ती दिली तितक्याच सहज मागे घेता यायला हवी. माहिती कशासाठी घेतली जाते ते सांगणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीत आणि कोकणीतही, वाचण्याची सोय द्यावी लागेल. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. भारतात किमान दोन कोटी नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना, तीन वर्षं न फिरकलेल्या माणसाची माहिती ४८ तास आधी कळवून पुसावी लागेल.

पण दोन गोष्टी बारकाईने वाचायला हव्यात. तुम्ही स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागूच नाही, आणि कायद्यात त्याचं उदाहरण दिलंय तेही समाजमाध्यमावर आपली मतं लिहिणाऱ्या व्यक्तीचं. उघड्या प्रोफाइलवरचं कोणीही उचललं तर या कायद्याखाली दाद नाही. दुसरं, दंड सरकारी तिजोरीत जातो. माहिती फुटलेल्या माणसाला भरपाई मिळण्याची ४३अ ची वाट हा कायदा बंद करतो. आणि तक्रार ज्या डेटा संरक्षण मंडळाकडे जाणार, त्याचे सदस्य केंद्र सरकार नेमणार. त्याच केंद्राला आपल्या यंत्रणांना कायद्यातून वगळण्याचीही मुभा आहे.

नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमती, सूचना, माहिती पुसणं, मुलांचं संरक्षण या कंपन्यांवरच्या जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची सवड आहे, म्हणजे मे २०२७ पर्यंत. माहिती अधिकार कायद्यातल्या ८(१)(जे) कलमाची दुरुस्ती मात्र लगेच लागू झाली. पूर्वी सार्वजनिक कामकाजाशी संबंध नसलेली किंवा दिल्यास खासगीपणावर नाहक घाला येईल अशीच वैयक्तिक माहिती नाकारता यायची आणि व्यापक जनहितासाठी तीही देता यायची. आता त्या कलमात 'वैयक्तिक माहिती' एवढंच कारण पुरतं. जनहिताचं ८(२) हे वेगळं कलम शाबूत आहे असं सरकार सांगतं. पण तिथे जनहित जास्त वजनदार आहे हे पटवण्याचा भार अर्जदारावर येतो, आणि रेशन दुकानांच्या याद्या नि ठेकेदारांची नावं मागणाऱ्यांनाही तो उचलावा लागू शकतो.