मायापुरीतला कोबाल्ट आला कुठून?

विद्यापीठांतल्या किरणोत्सारी स्रोतांचा विषय निघाला की दिल्लीतलं मायापुरी प्रकरण आठवतंच. २०१० च्या एप्रिलमध्ये तिथल्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू सापडला, एक कामगार दगावला, इतर काही जण होरपळले. त्यातल्या एकाने चकाकणारा तुकडा पाकिटात घालून मागच्या खिशात ठेवला होता. अणुअपघातांच्या सात पातळ्यांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर या घटनेची नोंद चौथ्या पातळीची झाली.

त्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांच्या वर्णपटातल्या १.१७ आणि १.३३ एमईव्ही (किरणांची ऊर्जा मोजायचं एकक) च्या दोन रेषा पाहिल्या की पदार्थ कोणता ते लगेच कळतं. तो कोणाचा, हे त्यातून कळत नाही. त्यामुळे सुरुवातीला संशय गेला परदेशी भंगारावर. ते आपल्याकडे सोयीचंही असतं! शेवटी माग निघाला तो राजधानीतल्याच एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागापर्यंत.

या विभागाने १९६८ च्या सुमारास कॅनडाचं ‘गामासेल’ यंत्र घेतलं होतं. शिशाच्या जाड कवचात कोबाल्टच्या पेन्सिली, मधल्या पोकळीत नमुना ठेवायचा आणि किरणांनी त्याचं काय होतं ते पाहायचं. देशात अशा स्रोतांवर देखरेख करणारा स्वतंत्र नियामक, अणुऊर्जा नियामक मंडळ, आला १९८३ मध्ये, किरणोत्सारी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम १९८७ मध्ये. यंत्र १९८५ पासूनच धूळ खात होतं. म्हणजे नियम आले तोवर त्याला वाली उरला नव्हता.

फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात निघालं. वाद आहे तो या निर्णयाचा. कोबाल्ट एव्हाना निवला असेल, असा गैरसमज झाल्याचं विद्यापीठाकडून नंतर सांगण्यात आलं. हे पटणं अवघड आहे. कोबाल्ट-६० दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. ४२ वर्षांत आठ वेळा, म्हणजे मूळच्या साधारण अडीचशेवा भाग शिल्लक. पण अशा यंत्रात सुरुवातीलाच हजारो क्युरींचा (क्युरी हे किरणोत्साराचं एकक) स्रोत भरलेला असतो, त्यामुळे उरलेला अडीचशेवा भागही घातकच. हा हिशेब बीएस्सीचा विद्यार्थीही वहीच्या समासात करतो. रसायनशास्त्र विभागात तो कोणी केला नाही. विल्हेवाटीआधी नियामकाला कळवायचं, हेही राहिलं. पण १९८५ नंतरच्या पंचवीस वर्षांत ‘तुमच्याकडचं ते यंत्र कुठे आहे?’ असं बाहेरून कोणी ठणकावून विचारलं असतं, तर ते लिलावापर्यंत पोचलं नसतं. चर्चेत हा भाग बराच मागे पडला.

प्रकरणानंतर देशभरच्या विद्यापीठांना आपापल्या जुन्या स्रोतांची यादी करायला सांगण्यात आलं.