‘घाबरू नकोस’ म्हटलं की मूल का घाबरतं?

दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी उभे असलेले आईवडील बहुतेक वेळा एकच वाक्य घोळवत असतात: ‘घाबरू नकोस हं, काही होणार नाही.’ हेतू चांगलाच असतो. पण लस टोचताना किंवा रक्त काढताना पालक काय बोलतात आणि त्यावर मुलं कशी वागतात, याच्या नोंदी संशोधकांनी गेली काही दशकं बारकाईने ठेवल्या आहेत. त्यांतून पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट जरा चक्रावून टाकणारी आहे. पालक जितका धीर देतात, तितकं मूल जास्त कासावीस झालेलं आढळतं. जे पालक भलत्याच विषयावर गप्पा मारत राहतात, त्यांची मुलं तुलनेने शांत असतात.

यावर कुणी म्हणेल, मूल आधीच रडत असतं म्हणून पालक धीर देतात. तुम्ही कारण आणि परिणाम उलटे लावताय. शंका रास्त आहे. म्हणूनच काही प्रयोगांत पालकांना कामं आधीच वाटून दिली गेली. काहींनी फक्त धीर द्यायचा, काहींनी मुलाचं लक्ष दुसरीकडे वळवायचं. तरीही धीर देणाऱ्यांचीच मुलं जास्त बावरली. तीन-चार वर्षांच्या मुलाला शब्दांच्या आधी सूर आणि चेहरा कळतो. शिवाय खेळताना, जेवताना त्याला ‘घाबरू नकोस’ असं कुणी म्हणत नाही. ते वाक्य कानावर पडतं तेच मुळी समोर काहीतरी भ्यायजोगं असताना. मग ते ऐकून मूल सावध होणार नाही तर काय होईल?

भीती माणूस कशी शिकतो, याचे तीन मार्ग मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन यांनी १९७७ मध्ये मांडले. स्वतःला आलेला अनुभव, दुसऱ्याला घाबरताना पाहणं आणि नुसतं ऐकणं. यातले शेवटचे दोन मार्ग मुलाने दवाखान्याची पायरी चढण्याआधीच खुले असतात. बाबांनी आपल्या रूट कॅनालची रसभरीत कहाणी पाहुण्यांना सांगितली, ताईने दाढ दुखताना घर डोक्यावर घेतलं, की निम्मं शिक्षण घरीच उरकतं. आणि ‘दंगा केलास तर डॉक्टरकडून सुई टोचून आणीन’ असं ज्या घरात सर्रास म्हटलं जातं, तिथल्या मुलाने दवाखान्यात शांत बसावं ही अपेक्षाच मुळात अजब आहे.

पहिला मार्ग, म्हणजे स्वतःचा अनुभव, सर्वांत रोचक आहे. दातांचे दुखरे उपचार अनेकांच्या वाट्याला येतात, पण प्रत्येकाच्या मनात कायमची दहशत बसत नाही. असं का? मानसशास्त्रज्ञ ग्रॅहम डेव्ही यांनी १९८९ मध्ये याचं एक उत्तर पुढे आणलं: दुखरा उपचार होण्याआधी ज्यांच्या बऱ्याच भेटी बिनदुखऱ्या झालेल्या असतात, त्यांच्यात ही दहशत कमी आढळते. एखाद्या जागेचा ‘इथे काही वाईट होत नाही’ असा अनुभव मेंदूकडे पुरेसा साठलेला असेल, तर त्या जागेची आणि वेदनेची गाठ सहजासहजी बांधली जात नाही. खुर्चीतली पहिलीच आठवण वेदनेची असेल, तर मात्र ती गाठ एका फटक्यात बसते.

अमेरिकेतली बालदंतवैद्यांची संघटना मुलाची पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी असं सांगते, ते यामुळेही पटतं. त्या वयात तपासायला दात मोजून सहा-आठ. पालक आणि डॉक्टर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, बाळ पालकांच्या मांडीवर राहून डोकं डॉक्टरांच्या मांडीवर टेकवतं, आणि मिनिटभरात काम संपतं. बाळ रडलं तरी बिघडत नाही. रडताना तोंड आपोआप उघडतं, आणि दोन मिनिटांनी रडण्याचा मागमूसही नसतो.

प्रत्यक्षात घडतं ते उलटच. रात्रभर दाढ ठणकते, मूल झोपत नाही, घरचेही झोपत नाहीत, आणि सकाळी सगळे चिडलेल्या अवस्थेत दवाखान्यात पोचतात. पहिल्या भेटीसाठी याहून वाईट मुहूर्त नाही. त्यात रसायनशास्त्रही आडवं येतं. लिग्नोकेनसारखी भुलीची औषधं मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरतात आणि सोडियमचे मार्ग बंद करतात. त्यामुळे वेदनेचा संदेश पुढे जात नाही. पण आत शिरू शकतो तो औषधाचा विद्युतभार नसलेला अंशच. जिथे पू किंवा सूज असते तिथली ऊती आम्लधर्मी झालेली असते, आणि तिथे हा अंश घटतो. म्हणजे दात जितका जास्त बिघडलेला, तितकी भूल चढायला कटकट.

‘दुधाचाच तर दात आहे, पडणारच आहे’ हा युक्तिवाद इथेच निकालात काढू. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडू लागतात हे खरं, पण मागच्या दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांच्या वयापर्यंत चावायचं काम करतात. त्यांच्यावरचं एनॅमलचं कवच कायमच्या दाढांपेक्षा बरंच पातळ असतं आणि आतली नस पृष्ठभागाच्या जवळ. तिथे लागलेली कीड खोल जायला वेळ लावत नाही.

आता उपचाराचा दिवस. मुलाला आधी सांगायचं का? सांगायचं, पण खूप आधी नाही. तीन वर्षांच्या मुलाला आठवडाभर आधी सांगणं म्हणजे आठवडाभर प्रश्नांचा मारा ओढवून घेणं. त्या वयात त्याच दिवशी, मोठ्याला आदल्या दिवशी सांगितलं तरी चालतं. ‘इंजेक्शन नाही देणार हं’ असं वचन मात्र अजिबात देऊ नये. ते खोटं ठरलं की पुढच्या सगळ्या भेटींत मूल तुमच्या प्रत्येक वाक्यावर संशय घेणार, आणि त्याचं काही चुकणार नाही. ‘तुझ्या दाढेत कीड लागलीये, डॉक्टर ती साफ करणार आहेत, मी तिथेच असेन’ एवढं पुरतं. सुईबद्दल काय आणि कधी बोलायचं, हे डॉक्टरांवर सोडावं.

डॉक्टरांकडे त्यासाठी एक जुनी, खणखणीत पद्धत आहे: सांगा, दाखवा, करा. हार्वी ॲडल्स्टन यांनी १९५९ मध्ये ती मांडली आणि बालदंतवैद्यक आजही तिच्यावर उभं आहे. आधी मुलाला कळेल अशा शब्दांत सांगायचं, मग ब्रश त्याच्या नखावर फिरवून दाखवायचा, आणि जे दाखवलं तेच तोंडात करायचं. पद्धत साधी वाटते, पण ती थेट भीतीच्या मुळावर घाव घालते. मुलाच्या भीतीत वेदनेचा वाटा असतो तसाच न कळण्याचा आणि हतबलतेचाही असतो. वरून झगझगीत दिवा, तोंडात पाणी, कानाशी किंचाळणारा एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र (याचं टोक मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं, म्हणून तो कर्कश आवाज), आणि पुढच्या क्षणी काय होणार याचा पत्ता नाही. म्हणून हात वर केला की थांबायचं, असा करार खूप उपयोगी पडतो. अट एकच: हात वर झाल्यावर डॉक्टरांनी खरोखर थांबलं पाहिजे. बरीच मुलं पहिल्यांदा नुसतं करार खरा आहे की नाही हे तपासायला हात वर करतात.

सुई टोचतानाचा क्षण सगळ्यांनाच नको असतो. हिरडी कोरडी करून भूल आणणारं जेल लावलं आणि त्याला दोन-एक मिनिटं दिली, तर टोचणं फारसं जाणवत नाही. खरा त्रास बहुतेकदा औषध वेगाने सोडल्यामुळे होतो: ऊती ताणल्या जातात, आणि औषध आम्लधर्मी असल्यामुळे चुरचुरतं. सावकाश दिलेलं इंजेक्शन ही कुशल हाताची खूण समजावी. त्याच वेळी काही डॉक्टर मुलाचा गाल हलकेच हलवत राहतात. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात, या मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेचा तो खुर्चीतला उपयोग.

भूल चढल्यावरही एक घोटाळा होतो. वेदना वाहून नेणारे बारीक तंतू आधी बधिर होतात. दाब कळवणारे जाड तंतू बऱ्याच अंशी जागे राहतात. त्यामुळे दाढ काढताना दुखत नाही, पण दाबलं-ओढलं जातंय हे पक्कं कळतं. मुलाकडे त्यासाठी वेगळा शब्द नसतो. ते ‘दुखतंय’ म्हणतं. आधीच त्याचा दंड दाबून ‘हे दाबणं’ आणि हळूच चिमटा काढून ‘हे दुखणं’ असा फरक दाखवून ठेवला, तर मूल नेमकं सांगू शकतं. एवढं करूनही ते दुखतंय म्हणालं, तर विश्वास ठेवायचा आणि पुन्हा भूल द्यायची. ‘नाटकं करतोय’ हे निदान नव्हे.

कित्येकदा सुई आणि एअरोटर दोन्ही टाळता येतात, आणि ही गोष्ट पालकांना क्वचितच ठाऊक असते. स्कॉटलंडमधल्या दंतवैद्य नॉर्ना हॉल दुधाच्या किडक्या दाढेवर, काहीही न कोरता, स्टीलची तयार टोपी थेट बसवून टाकत. आत कोंडलेल्या कीडजंतूंची रसद तुटते आणि कीड थंडावते. हे ऐकून अनेक दंतवैद्यांच्या भुवया उंचावल्या होत्या, पण पुढे रीतसर चाचण्यांत ही पद्धत चांगलीच टिकली. दुसरा उपाय सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या द्रावाचा. ३८ टक्के तीव्रतेचा तो थेंब किडलेल्या जागी चोळला की बहुतेक वेळा कीड तिथेच रोखली जाते. किडलेला भाग मात्र कायमचा काळा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. दात काळा दिसण्यापेक्षा मूल न रडणं महत्त्वाचं, असं माझं मत. पुढच्या दातांबाबत सगळ्या पालकांना ते पटेलच असं नाही. अर्थात दाताच्या आतल्या नसेपर्यंत कीड पोचून दात ठणकत असेल, तर हे दोन्ही मार्ग बंद होतात.

मूल समजूतदार आहे पण भेदरलेलं आहे, अशा वेळी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, कामाला येतो. होरेस वेल्स या अमेरिकी दंतवैद्याने १८४४ मध्ये तो हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती. आज तो ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावरच्या मुखवट्यातून देतात. मूल जागं राहतं, बोलतं, फक्त सैलावतं. नाक चोंदलेलं असेल किंवा मूल जोरजोरात रडत असेल, तर त्याचा उपयोग नाही. खूप लहान वय आणि आठ-दहा किडके दात, अशी गाठ पडली तर पूर्ण भूल देऊन सगळं एकदाच उरकणं अधिक माणुसकीचं ठरतं. तोंडावर हात दाबून मुलाला गप्प करण्याची पद्धत एके काळी पाठ्यपुस्तकांत होती. अमेरिकेतल्या त्याच संघटनेने २००६ मध्ये ती आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली.

काम झाल्यावर ओठ आणि गाल दोन-तीन तास बधिर राहतात. मुलाला ती गंमत वाटते, आणि ते ओठ चावत बसतं. संध्याकाळी तो टम्म सुजलेला. तेवढा वेळ लक्ष ठेवा आणि चावायचं खाणं देऊ नका.

नंतर उरते ती आठवण, आणि पुढच्या भेटीचा निकाल तीच लावते. मुलांच्या वेदनेवरच्या अभ्यासांत असं दिसलंय की प्रत्यक्ष त्या दिवशी किती दुखलं यापेक्षा किती दुखल्याचं आठवतंय, यावर पुढची वेदना जास्त अवलंबून असते. आठवण तर कच्ची असते. बोलण्याबोलण्यात ती घडते आणि बिघडते. दंतोपचारांसाठी आलेल्या मुलांना आधीच्या भेटीनंतरचा हसरा फोटो दाखवून, त्या वेळी आपण नेमकं काय धीटपणे केलं हे त्यांच्याकडून वदवून घेतलं गेलं, तेव्हा त्यांची भीती कमी झाली आणि वागणंही सुधारलं. म्हणून घरी आल्यावर ‘खूप दुखलं का रे?’ हा प्रश्न सोडून द्या. ‘तू हात वर केलास आणि डॉक्टर थांबले, बघितलंस?’ यातून आठवणीला बरी दिशा मिळते. मूल शेजारच्या खोलीत असताना फोनवर आजीला ‘काय रडला गं, विचारू नकोस’ असं सांगणं हेही आठवण घडवणंच आहे. आणि पुढची भेट जमल्यास अशी ठरवा की तिच्यात काहीच करायचं नाही: खुर्ची वर-खाली करायची, दात मोजायचे आणि परत यायचं.