ढीग खरा, निष्कर्ष खोटा

नाशिकच्या मासळी बाजारात बर्फाची खोकी उघडली की हमखास ऐकू येतं, "समुद्रात मासे कमी झाले म्हणे! सर्वेक्षणवाल्यांना मासे धरता येत नाहीत, हा ढीग बघा."

समुद्रातल्या माशांचा अंदाज घेणाऱ्या शास्त्रीय सर्वेक्षणाची बोट मासे शोधायला जातच नाही. ठरल्या जागी, ठरलेलं जाळं, ठरलेला वेळ ओढायचं; रिकामं आलं तरी तीही नोंदच. जाळ्याचे आसही (भोकं) बारीक, म्हणजे पिल्लंसुद्धा मोजली जातात. मच्छीमार मात्र मासळी असेल तिथेच जाळं टाकणार, डिझेल काय फुकट येतं? साठा घटला तरी उरलेले मासे एकवटतात तिथे त्याचं जाळं भरत राहतं.

कॅनडात न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाबाबत हेच घडलं. १९८०च्या दशकात व्यावसायिक ट्रॉलरची (जाळं ओढणाऱ्या मोठ्या बोटींची) पकड भरघोस दिसत होती, सर्वेक्षणाचे आकडे त्या मानाने खालचे. १९९२मध्ये मासेमारीच बंद करावी लागली.

पण म्हणून बंदरावर उतरलेल्या मासळीच्या नोंदी टाकाऊ ठरत नाहीत. समुद्रातून एकूण किती मासा काढला, हे त्यांवरूनच कळतं. फक्त या नोंदी आणि सर्वेक्षण यांची किलोला किलो तुलना करू नये. प्रत्येकाचा वर्षागणिक कल पाहावा. आणि खोक्यातली पापलेटं मोजण्याआधी ती केवढी आहेत, तेही बघावं.