गोळी तीच, कामं दोन: ब्रेन ट्यूमरनंतर फीटचं औषध कुणाचं थांबतं, कुणाचं नाही

मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालेले दोघं फॉलोअपला शेजारी शेजारी बसले की औषधांच्या पिशव्या उघडायला वेळ लागत नाही. दोघांकडेही लेव्हेटिरासिटॅम, फीट रोखणारी गोळी. दोघांचीही ५०० मिलिग्रॅम, सकाळी एक, रात्री एक. आत गेल्यावर एकाला डॉक्टर सांगतात, ‘ही आता बंद करू या.’ दुसऱ्याला सांगतात, ‘ही चालू राहू दे.’ बाहेर आल्यावर दुसऱ्याच्या घरच्यांचा चेहरा उतरलेला. त्यांची थांबली मग आपली का नाही? आपलं दुखणं जास्त आहे की काय?

बहुतेक वेळा तसं काही नसतं. फरक पडतो तो एका प्रश्नाच्या उत्तराने: फीट कधी आली होती का?

पहिल्याला कधीच आली नव्हती. डोकं दुखायचं, नजर धूसर व्हायची, म्हणून एमआरआय केला आणि गाठ सापडली. ऑपरेशनमध्ये मेंदूला हात लागणार म्हणून गोळी आधीपासूनच सुरू केली. ही राखणीची गोळी. ऑपरेशननंतरचे काही दिवस सूज असते, थोडं रक्त साकळलेलं असतं, मेंदूचा तो भाग चिडलेला असतो. राखण त्या दिवसांपुरती. त्यापुढे ती फारसं काही राखत नाही, हे डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवरच्या १९९० सालच्या फेनिटॉइन या फीटच्याच दुसऱ्या औषधाच्या अभ्यासातही दिसलं होतं: पहिल्या आठवड्यातल्या फीट कमी झाल्या, नंतरच्या नाहीत. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २००० सालीच सांगून ठेवलं की ट्यूमरच्या ज्या रुग्णांना फीट आलेली नाही, त्यांची गोळी ऑपरेशननंतरचा पहिला आठवडा उलटला की कमी करत बंद करणं योग्य. २०२१ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या न्यूरो-ऑन्कॉलॉजी (मेंदूच्या गाठींवरचे उपचार) संस्थांनी मिळून नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. फीट न आलेल्यांना नुसत्या भीतीपोटी ही औषधं देऊ नयेत, हे त्यातही कायम राहिलं. ऑपरेशनच्या आसपासचे काही दिवस तरी द्यावीत का, यावर मात्र ठाम बोलण्याइतका पुरावा नाही असं त्यांनी मोकळेपणाने लिहिलं. त्यामुळे प्रत्येक सर्जनची पद्धत वेगळी दिसते.

मग ही गोळी सहा-सहा महिने, कधी दोन-दोन वर्षं का चालते? माझ्या मते याचं कारण वैद्यकीय कमी आणि कागदी जास्त आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘पुढे चालू’ लिहिलेलं असतं, कधीपर्यंत ते नसतं. सर्जनला वाटतं रेडिएशनवाले बघतील, रेडिएशनवाल्यांना वाटतं सर्जनने विचार करूनच दिली असेल. एका चिठ्ठीवरून दुसऱ्या चिठ्ठीवर तीच ओळ उतरत राहते. इकडे घरात माणूस चिडचिडा झालेला असतो, टीव्हीचा आवाज थोडा वाढला तरी खेकसतो, आणि सगळे म्हणतात, ‘एवढं मोठं ऑपरेशन झालं, मनावर परिणाम होणारच.’ होतोही. पण चिडचिड आणि उदासी हे लेव्हेटिरासिटॅमचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. फेनिटॉइन असेल तर वेगळीच भानगड: ते यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा जोरात चालवतं, त्यामुळे डेक्सामेथासोन (मेंदूची सूज उतरवणारं स्टेरॉइड) आणि काही केमोची औषधं शरीरात लवकर संपतात. राखणीच्या गोळीने मुख्य उपचारच पातळ व्हावा, हा सौदा काही फायद्याचा नाही.

आता दुसरा रुग्ण. त्याची गाठ सापडली तीच फीट आल्यामुळे. इथे गोळी राखणीची नाही, उपचाराची आहे. ‘एकदाच तर आली होती’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. जागतिक अपस्मार संघटनेच्या २०१४ च्या व्याख्येप्रमाणे उघड चिथावणी नसताना एकच फीट आली, पण पुढच्या दहा वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता किमान ६० टक्के असेल, तर तो अपस्मारच, म्हणजे वारंवार फीट येण्याचा आजार. मेंदूत गाठ असताना एक फीट बहुधा या व्याख्येत बसते.

‘पण गाठ तर काढली ना?’ हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. अडचण अशी की फीट गाठीच्या पोटातून उठत नाही, ती गाठीच्या कडेच्या मेंदूतून उठते. गाठ निघाली तरी ती कड तिथेच असते, शिवाय आता तिथे व्रण आहे. मेनिन्जिओमा मेंदूच्या बाहेरून दाबणारी गाठ असते. ती पूर्ण निघाली की बऱ्याच जणांच्या फीट थांबतात आणि पुढे गोळी थांबवण्याचा विचार करता येतो. ग्लिओमा ही गाठ मेंदूतच झिरपत जाते, तिची हद्द सुरीला सापडत नाही. त्यातही हळू वाढणाऱ्या, कमी ग्रेडच्या ग्लिओमात फीटचं प्रमाण वेगाने वाढणाऱ्यांपेक्षा जास्त असतं, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं.

म्हणून दुसऱ्या रुग्णाबाबत ‘फीट थांबल्या’ आणि ‘फीटची प्रवृत्ती गेली’ यांची गल्लत करून चालत नाही. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा १९९१ चा अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. दोन वर्षं फीट न आलेले एक हजारांवर रुग्ण त्यात होते. औषध चालू ठेवलेल्यांपैकी ७८ टक्के पुढची दोन वर्षं फीटमुक्त राहिले, बंद केलेल्यांपैकी ५९ टक्के. म्हणजे गोळी घेऊनही काहींना फीट आली, आणि सोडूनही निम्म्याहून जास्त जणांना आली नाही. हे आकडे एकूण अपस्माराचे आहेत, ट्यूमरचे नव्हेत, तेव्हा जसेच्या तसे इकडे लावू नयेत. पण निर्णय कसल्या प्रकारचा आहे ते त्यातून कळतं. गाठ कोणती, किती निघाली, एमआरआय किती काळ स्थिर आहे, शेवटची फीट कधीची, माणूस गाडी चालवतो का, उंचावर काम करतो का, हे सगळं तराजूत पडतं. ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) नॉर्मल आला म्हणून हा तराजू एका बाजूला कलत नाही. थांबवायचं ठरलंच तर डोस आठवड्या-आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उतरवतात, आणि दोन औषधं असतील तर एका वेळी एकच. क्लोबाझाम आणि फिनोबार्बिटोन या फीटच्या औषधांना तर जास्तच सबुरी लागते, कारण ती झटकन सोडली की सोडण्यामुळेच फीट येऊ शकते. (डेक्सामेथासोनही एकदम थांबवायचं नसतं, पण त्याचं कारण निराळं: बाहेरून स्टेरॉइड मिळत असल्याने शरीराने स्वतःचं बनवणं कमी केलेलं असतं.) उतरवताना किंवा नंतर फीट परत आली तर दोष सगळा गोळी सोडण्यावर टाकायचा नाही, आधी नवा एमआरआय बघायचा. गाठच वाढायला लागली असेल तर फीट ही तिची पहिली वर्दी असू शकते.

एवढं सगळं ‘फीट आली होती का’ या प्रश्नावर उभं आहे, आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा चुकीचं दिलं जातं. फीट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दातखीळ, तोंडाला फेस आणि जमिनीवर आखडलेला माणूस येतो. समजा, शर्टाची बटणं लावताना उजवा अंगठा आपोआप थडथडायला लागतो, मिनिटभरात थांबतो. माणूस पूर्ण शुद्धीत असतो, थडथड बघतही असतो. किंवा जेवताना अचानक काहीतरी जळाल्याचा वास येतो, जो बाकी कुणालाच येत नाही. किंवा बोलता बोलता शब्दच हरवतो, समोरच्याचं बोलणं ऐकू येतं पण अर्थ लागत नाही, आणि क्षणात सगळं पूर्ववत. अशक्तपणा, दमणूक, वय अशी नावं देऊन हे प्रसंग विसरले जातात. त्या सगळ्या फीट असू शकतात. पहिल्या रुग्णाने ‘मला कधीच नाही’ म्हटलं आणि शेजारी बसलेली बायको म्हणाली, ‘अहो, त्या अंगठ्याचं सांगा ना,’ तर डॉक्टर उचललेलं पेन खाली ठेवतील. कधीपासून, दिवसातून किती वेळा, थडथड हातात वर चढते का, हे सगळं विचारून होईपर्यंत ‘बंद’ हा शब्द चिठ्ठीवर उतरणार नाही.