रोबोकॉपीला /मिर लावण्याआधी एवढे वाचा

लग्नसराई सुरू झाली की फोटोग्राफर मंडळींच्या डिस्क आमच्या डेटा रिकव्हरीच्या काउंटरवर येऊ लागतात. तक्रार बहुधा एकच: "नुसती कॉपी मारली, आणि आधीचे सगळे गेले!"

विंडोजमधली रोबोकॉपी, म्हणजे फायली कॉपी करण्याची कमांड, उत्तमच आहे. मध्येच केबल निघाली तरी तीच कमांड पुन्हा द्यायची, झालेल्या फायली ती वगळते. घात होतो तो कमांडला जोडायच्या /मिर या खुणेमुळे. स्रोतावर, म्हणजे जिथून कॉपी होते तिथे, जे नाही, ते ही खूण दुसऱ्या डिस्कवरून पुसून टाकते. डी ड्राइव्हवरची नवी लग्ने ई ड्राइव्हवर टाकायला कोणी अख्ख्या डी वरून अख्ख्या ई वर /मिर देतो. ई वर मागच्या तीन सीझनचे काम असते, ते डी वर नसते, म्हणून जाते. रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. त्यात ड्राइव्हची अक्षरे बदलतात. आधी पेनड्राइव्ह लावलेला असला की कालची ई आज एफ होऊ शकते, आणि कमांडमधल्या जुन्या अक्षरामुळे भलतीच रिकामी डिस्क स्रोत ठरू शकते. पुढचे सांगायला नको.

भर घालायची तर /मिर ऐवजी /ई ही खूण पुरे (ही ई ड्राइव्ह नव्हे), त्याने तिकडचे जादा काही पुसले जात नाही. मात्र त्याच नावाची फाईल तिकडे असेल तर तिच्यावर नवी बसते, आणि कॅमेरे तीच नावे फिरून फिरून देतात. प्रत्येक कामाला वेगळे फोल्डर करा. /मिर लागणारच असेल तर आधी शेवटी /एल जोडून चालवा: काही न हलवता फक्त यादी येते. यादीत 'एक्स्ट्रा' लिहिलेले दिसले तर थांबा, पुसले जाणार ते तेच.

/मूव्ह आम्ही स्वतः वापरत नाही. दोन डिस्कमध्ये हलवणे म्हणजे कॉपी करून मूळ पुसणे, आणि लिहिलेली फाईल परत वाचून रोबोकॉपी ताडून बघत नाही. आधी कॉपी करा, फायली उघडून बघा, मग पुसा.

कमांड तासन्‌तास एकाच फाईलवर अडली तर डिस्क खराब होत असू शकते. न सांगता रोबोकॉपी 30-30 सेकंदांनी 10 लाख वेळा प्रयत्न करते. /आर:1 /डब्ल्यू:1 द्या, म्हणजे ती एका सेकंदाने एकदाच पुन्हा प्रयत्न करते. टकटक आवाज येत असेल तर काहीच देऊ नका, बंद करून आणा.

एक दिलासा. अख्खा ड्राइव्ह फोल्डरमध्ये कॉपी केल्यावर ते फोल्डरच 'गायब' झाले, तर बहुतेक वेळा ते फक्त लपलेले असते. हे आम्ही उभ्या उभ्या, फुकट करून देतो.

"बाहेर तासाभरात होते, तुम्हाला दोन दिवस का?" आम्ही आधी पूर्ण डिस्कची नक्कल काढतो आणि रिकव्हरी नक्कलेवर करतो, मूळ डिस्कवर काहीही लिहीत नाही. वेळ त्यात जातो. लॅपटॉपमधल्या एसएसडीवरून (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कवरून) पुसलेले बहुधा परत येत नाही, कारण विंडोज रिकाम्या झालेल्या जागा तिला लगेच कळवते. तसे असेल तर आधीच सांगतो आणि फक्त तपासणी शुल्क घेतो.

इथे उच्चार छापले आहेत, कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. नमुन्याचे लॅमिनेटेड कार्ड काउंटरवर मोफत मिळेल. नवी डिस्क आमच्याकडून घेतल्यास जुनीवरचा डेटा आम्हीच टाकून, ताडून देतो. काही पुसले गेलेच, तर त्या डिस्कवर पुढे एकही फाईल टाकू नका, आणि येताना तिची केबल व अडॅप्टर सोबत आणा.