आयबीएमच्या आधीचे पीसी म्हणजे नुसतं खेळणं? नाही भाऊ

नागपुरात बर्डीवर कॉम्प्युटर घ्यायला गेलं की कुणीतरी हमखास सांगते, १९८१ ला आयबीएमचा पीसी आला तेव्हा कुठे धंद्यासाठी पीसी सुरू झाला, त्याआधी सगळा शौकीन पोरांचा खेळ होता. हे साफ चूक आहे. १९७५ चा अल्टेअर ८८०० हा कॉम्प्युटर सुटे भाग सोल्डरिंग करत बसणाऱ्यांसाठीच होता, मान्य, पण १९७७ ला ॲपल टू आला अन १९७९ ला त्याच्यावर व्हिजिकॅल्क नावाची स्प्रेडशीट, त्यात एक आकडा बदलला की अख्खा हिशोब आपोआप बदलायचा, अन कितीतरी हिशोबवाल्यांनी तेवढ्या एका प्रोग्रामसाठी ॲपल टू विकत घेतला. वर्डस्टार हा लिखाणाचा प्रोग्रामही सीपी/एम नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमवाल्या मशीनींवर आयबीएमच्या आधीपासून चालत होता.

अन आयबीएमचा पीसी तरी निव्वळ ऑफिसचा कुठे होता! सगळ्यात स्वस्त मॉडेल १,५६५ डॉलरचं, त्यात १६ केबी मेमरी, फ्लॉपी ड्राइव्ह नाही, प्रोग्राम साठवायचा तर साधा कॅसेट रेकॉर्डर जोडा, बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा तर रॉममध्येच, म्हणजे मशीनच्या कायमच्या मेमरीतच दिलेली. हे घरी प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांसाठीच होतं ना? वर टेक्निकल मॅन्युअलमध्ये सर्किटचे नकाशे अन बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, कोडसुद्धा छापलेला, म्हणून कोणीही त्याच्यात बसवायचं जास्तीचं कार्ड बनवू शकत होतं.