भोपळा कोरायला सुरी का नको?

ऑक्टोबर संपत आला की हल्ली पुण्यात बाणेर-कोथरूडच्या सोसायट्यांत हॅलोविनसाठी भोपळे कोरायची टूम निघते: भोपळ्यावर भेसूर चेहरा कोरायचा आणि आत दिवा ठेवून कंदील करायचा. मग स्वयंपाकघरातली सगळ्यात मोठी सुरी बाहेर येते आणि तिथेच घोळ होतो.

मुळात ही चाल आयर्लंड-स्कॉटलंडची, आणि तिथे कोरायचे ते सलगम. लहानसा, कच्च्या सुरणासारखा घट्ट कंद. डोनेगलमधल्या अशा एका सलगम-कंदिलाची प्लास्टरची प्रतिकृती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चेहरा चांगलाच भेसूर. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयरिश लोकांचे लोंढे अमेरिकेत गेले. तिथला भोपळा मोठा आणि आयता पोकळ. कंद मागे पडला, हत्यार मात्र घरातली सुरीच राहिली. पुढे विस्कॉन्सिनच्या पॉल बार्डीन यांनी बारीक दात्यांची छोटी करवत केली. त्यांच्या मुलांनी १९८६ मध्ये ‘पंपकिन मास्टर्स’ ही कंपनी काढली आणि ती करवत घरोघरी पोचली.

सुरी सालीत रुतून बसते. जोर लावला की सटकते, ती थेट दुसऱ्या हातावर. करवत थोडं थोडं कापत जाते, आणि पातं अरुंद असल्याने डोळ्याच्या गोलाईतही वळते. आपल्याला हे नवं नाही: मिरजेत तंबोऱ्याचा वाळका भोपळा कापायला करवतच लागते. घरात मात्र मंडईतून फोड आणायची आणि विळीवर चिरायची. अख्ख्या भोपळ्यावर पहिला वार पुरुषानेच करायचा, असंही काही घरांत अजून पाळतात. (जड काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायची ही नामी युक्ती!)

अमेरिकेत कोरायचे भोपळे पातळ भिंतीचे. आपला लाल भोपळा भाजीचा, गराने जाड. त्यामुळे आधी देठाकडून झाकण कापून भिंत बोटभर होईपर्यंत आतून खरवडायची. कोरायच्या विकतच्या किटमधला प्लास्टिकचा चमचा इथे टिकत नाही. स्टीलचा डाव घ्या. करवत नसेल तर ज्युनिअर हॅक्सॉचं सहा इंची पातं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. एका टोकाला जाड चिकटपट्टी गुंडाळली की मूठ तयार. चित्राच्या रेघेवर दाभणाने भोक पाडून तिथून पातं आत घालायचं. दात्यांत गर भरतो, तो अधूनमधून ओल्या फडक्याने पुसावा. मुलांच्या हाती डाव द्यावा, पातं मोठ्यांनीच धरावं.